ख्रिस्ती आध्यात्मिक वाढ व अंतःपरिवर्तन

ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूलभूत संकल्पना. येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या व्यक्तीच्या मनात, वृत्तीत व आचरणात घडून येणारा पालट आणि त्या पालटाची आयुष्यभर चालणारी वाढ, असा तिचा स्थूल अर्थ. बाप्तिस्म्याने या वाढीचा आरंभ होतो, असे कॅथलिक व अन्य प्राचीन ख्रिस्ती पंथ मानतात. व्यक्तिगत विश्वास व पश्चात्ताप यांतून तिचा आरंभ होतो, यावर अनेक प्रॉटेस्टंट पंथांचा भर असतो. विधीने ती पूर्ण होत नाही, याविषयी मात्र दोहोंत एकमत आहे. दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात व त्याला लागून असलेल्या गोव्यात, या संकल्पनेला विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे. तेथील ख्रिस्ती समाज बहुतांशी जन्मपरंपरेने ख्रिस्ती आहे. पूर्वजांनी स्वीकारलेला धर्म वंशजांनी स्वतःच्या अंतःकरणात कसा स्वीकारावा, हा प्रश्न तेथे प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहतो.

संज्ञा व शास्त्राधार : नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत या पालटासाठी ‘मेटॅनोइया’ ही संज्ञा आढळते. मनाचा पालट, हा तिचा शब्दशः अर्थ. मराठी बायबलमध्ये तिच्यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाला. तथापि केलेल्या चुकीबद्दलची खंत एवढाच अर्थ तिच्यात अभिप्रेत नाही. जीवनाची दिशा बदलून देवाकडे वळणे, हा अर्थ प्रधान आहे. योहानकृत शुभवर्तमानात निकदेम या विद्वान परूशाला येशू नव्या जन्माची आवश्यकता समजावून सांगतो (अध्याय ३). निकदेम हा धर्मनिष्ठ व शास्त्रज्ञ होता, हे लक्षात घेतल्यास या संवादाचे मर्म कळते. धर्मपालन करणाऱ्यालाही या पालटाची गरज असते. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या मुलाच्या दृष्टांतातून (अध्याय १५) हेच वेगळ्या प्रकारे सूचित होते. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा भानावर येऊन परततो. थोरला मुलगा घर कधीच सोडत नाही. परंतु भाऊ परतल्याचा आनंद त्याला होत नाही आणि बापाच्या मनापासून तो किती दूर आहे, हे त्यावरून उघड होते. जन्माने ख्रिस्ती असणाऱ्यांना उद्देशून या दृष्टांताचे विवरण करताना थोरल्या मुलाकडे प्रवचनकार आवर्जून लक्ष वेधतात.

मनाच्या नवीकरणाने रूपांतर होऊ देण्याचा उपदेश पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केला आहे (अध्याय १२). गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, दया, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता व इंद्रियदमन ही पवित्र आत्म्याची फळे म्हणून सांगितली आहेत (अध्याय ५). ‘फळ’ हे रूपक अर्थपूर्ण आहे. फळ ओढून आणता येत नाही. जमीन, पाणी व राखण यांची काळजी घेतल्यावर ते यथाकाल येते. पेरणाऱ्याच्या दृष्टांतातही एकच बी वेगवेगळ्या जमिनींत वेगवेगळ्या तऱ्हेने रुजते.

कृपा व प्रयत्न : हे परिवर्तन देवाच्या कृपेने घडते की मनुष्याच्या प्रयत्नाने, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील दीर्घकालीन वादाचा विषय आहे. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने पेलेजियसच्या मताचे खंडन करून कृपेचे प्राथम्य प्रतिपादिले. त्याच्या स्वतःच्या जीवनातील पालट ३८६ मध्ये घडला आणि ३८७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. बुद्धीने पटलेले सत्य इच्छाशक्ती लगेच स्वीकारत नाही, हा स्वानुभव त्याने आपल्या आत्मनिवेदनपर ग्रंथात मांडला. मार्टिन लूथर (१४८३–१५४६) याने मनुष्य केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो, असे सांगितले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–६३) कृपा आधी व मानवी सहकार्य तिच्या आधारे, अशी भूमिका घेतली. जॉन वेस्ली (१७०३–९१) याने विश्वासानंतरच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या पवित्रीकरणावर भर दिला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत मनुष्याने देवाच्या जीवनात सहभागी होणे हेच या वाढीचे अंतिम उद्दिष्ट मानले जाते. लूथरपंथीय व कॅथलिक यांनी १९९९ मध्ये संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून या वादातील बराच मतभेद मिटविला. सर्वसामान्य साधकाच्या दृष्टीने या वादाचे तात्पर्य असे, की साधना आवश्यक असली, तरी साधनेचा अभिमान हाच तिच्या मार्गातील मोठा अडसर होय.

अवस्था व साधने : ख्रिस्ती गूढवादी परंपरेत आध्यात्मिक वाढीच्या तीन अवस्था मानल्या जातात. पहिल्या शुद्धीच्या अवस्थेत साधक आपले दोष ओळखून त्यांच्याशी झगडतो. दुसऱ्या प्रकाशाच्या अवस्थेत ख्रिस्ताच्या जीवनाचे चिंतन व सद्‌गुणांची वाढ होते. तिसरी ऐक्याची अवस्था होय; तीत साधकाची इच्छा देवाच्या इच्छेशी एकरूप होते. अव्हिलाची संत तेरेसा (१५१५–८२) हिने आत्म्याला सात दालनांच्या गढीची उपमा देऊन बाहेरून आत जाणारा हा प्रवास वर्णिला. संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–९१) याने वाटेत येणाऱ्या शुष्कतेचे व अंधाराचे विवेचन केले. प्रार्थनेत गोडी न वाटणे हे नेहमीच अधोगतीचे लक्षण नसते. कित्येकदा ते वाढीचेच लक्षण असते, हे त्याचे निरीक्षण पुढील मार्गदर्शकांना फार उपयुक्त ठरले.

येशू संघाचा संस्थापक ⇨ संत इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने आध्यात्मिक साधनेची पद्धतशीर आखणी केली. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तो जखमी झाला व अंथरुणाला खिळून असताना केलेल्या वाचनाने त्याचे मन पालटले. त्याच्या साधनाग्रंथाला पोपने १५४८ मध्ये मान्यता दिली. पूर्ण साधना सु. तीस दिवसांची असून ती चार ‘आठवड्यां’त विभागलेली आहे : पापाचे भान, ख्रिस्ताचे जीवन, त्याचे दुःखसहन व त्याचे पुनरुत्थान. दररोज आपल्या दिवसाचे आत्मपरीक्षण करावे, हा त्यातील नियम आजही अनेकजण पाळतात. १५४२ मध्ये गोव्यास आलेला ⇨ संत फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–५२) हा याच साधनेतून गेलेला होता.

प्रार्थना, बायबलचे वाचन व मनन, उपवास, दानधर्म, पापनिवेदन व ख्रिस्तशरीरसंस्कार ही साधनेची नेहमीची अंगे होत. प्रॉटेस्टंट परंपरेत वचनाचे वाचन, कौटुंबिक उपासना व मंडळीपुढे दिली जाणारी साक्ष यांना प्राधान्य असते.

किनाऱ्यावरील धर्मांतराचा वारसा : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी व बारदेश या भागांत मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. त्यांमागे उपदेश, राज्यसत्तेचे दडपण, सामाजिक व आर्थिक लाभ अशी भिन्नभिन्न कारणे होती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायपीठ (इंक्विझिशन) स्थापन झाले व मध्यंतरीचा अल्पकाळ सोडल्यास ते १८१२ पर्यंत टिकले. नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या चालीरीतींवर त्याची करडी नजर असे. १७३६ च्या फर्मानाने लग्न, जन्म, मृत्यू, पोशाख व आहार यांसंबंधीच्या अनेक रूढींना बंदी घालण्यात आली. बाह्य आचाराचे असे नियमन करता आले, तरी अंतःकरणाचा पालट हुकुमाने घडविता येत नाही, ही मर्यादा या इतिहासातून स्पष्ट होते. धर्म बदलूनही जातिभेद टिकून राहिला. गोव्याच्या कॅथलिक समाजात बामण, चारडो, सुदीर असे भेद राहिले. विवाहसंबंधांत व काही काळ चर्चमधील बंधुसंघांच्या मानपानातही ते पाळले गेले. पौलाच्या पत्रांतील समतेच्या शिकवणीशी त्यांचा मेळ बसत नाही, याची जाणीव चर्चमधील विचारवंतांनीही वेळोवेळी व्यक्त केली आहे.

गोव्यातून उत्तरेकडे आलेली अनेक ख्रिस्ती घराणी सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण इ. भागांत स्थायिक झाली. शेती, बागायत व मासेमारी यांवर त्यांची उपजीविका चाले. पुढे मुंबईतील नोकरी, जहाजावरील काम व आखाती देशांतील रोजगार यांची त्यांत भर पडली.

ख्रिस्तपुराण : धर्मांतरित समाजाच्या अंतरंगाला त्याच्याच भाषेतून स्पर्श करण्याचा पहिला मोठा प्रयत्न ⇨ फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने केला. १५७९ मध्ये तो गोव्यास आला व त्याने आपले बहुतेक आयुष्य साष्टीत वेचले. त्याचे ख्रिस्तपुराण राशोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. ग्रंथाची भाषा मराठी असून सामान्य श्रोत्यांस समजावे म्हणून तीत कोकणी शब्दांची योजना केलेली आहे. दोन भागांतील एकूण ९५ अवस्वरूंत (अध्यायांत) सु. ११,००० ओव्या आहेत. जुनी पुराणे सुटली. त्यांच्या जागी मनाला रमविणारे व वळण लावणारे काही हवे, ही नवख्रिस्ती लोकांची निकड या रचनेच्या मुळाशी होती. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखे श्रोत्यांच्या परिचयाचे शब्द घेतले आणि ज्ञानेश्वर–एकनाथांच्या परंपरेतील ओवी स्वीकारली. चर्चमध्ये व घरोघरी हे पुराण वाचले जाई. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढल्यावर गोव्यात ही परंपरा क्षीण झाली. मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांनी मात्र ती पुढे दीर्घकाळ जपली. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथाची नवी आवृत्ती काढली व शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्यात देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. अंतःपरिवर्तनाच्या दृष्टीने या ग्रंथाचे महत्त्व असे, की मनाचा पालट मनाच्या भाषेतूनच होऊ शकतो, हे तत्त्व त्यात प्रत्यक्ष अंमलात आलेले दिसते.

याच भूमीत जन्मलेल्या दोन साधकांची चरित्रे किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत आदराने सांगितली जातात. बाणावली येथे जन्मलेले संत जोसेफ वाझ (१६५१–१७११) यांनी १६७७ मध्ये सांकवाळ येथे स्वतःला मरियेचा दास म्हणून अर्पण करणारे पत्र लिहिले. १६८७ मध्ये ते डचांच्या ताब्यातील श्रीलंकेत गुप्तपणे गेले, कँडीत काही काळ कैदेत राहिले आणि देवीच्या साथीत त्यांनी धर्मभेद न करता रोग्यांची शुश्रूषा केली. २०१५ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. हणजुणे येथील फादर आग्नेलो डिसोझा (१८६९–१९२७) यांचे आयुष्य तुलनेने घटनाशून्य आहे. पिलारच्या धर्मसंघाचे ते सदस्य होते व राशोलच्या सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक होते. प्रार्थना, पापनिवेदन ऐकणे व प्रवचन या नित्याच्या कामांतूनच त्यांची ख्याती पसरली. आध्यात्मिक वाढीसाठी असामान्य प्रसंगांची आवश्यकता नसते, हे दुसऱ्या चरित्राचे सार म्हणता येईल.

सिंधुदुर्गातील उपासनाजीवन : सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या विभाजनाने अस्तित्वात आला. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतापासून वेगळा करून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापण्यात आला. त्याचे आसन सावंतवाडी येथे असून मिलाग्रिस चर्च हे त्याचे प्रधान मंदिर होय. वेंगुर्ले येथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने वैद्यकीय कार्य केले व तेथे प्रॉटेस्टंट मंडळीही निर्माण झाली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) दोन गोष्टी केल्या. त्या येथील साधनाजीवनास उपकारक ठरल्या. एक म्हणजे लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना करण्यास मुभा मिळाली. त्यामुळे कोकणी व मराठी या भाषा वेदीपर्यंत पोहोचल्या. दुसरी म्हणजे पावित्र्याची हाक केवळ धर्मगुरू व जोगिणी यांना नसून सर्वांना आहे, असे परिषदेने १९६४ च्या आपल्या धर्मसंस्थाविषयक दस्तऐवजात निःसंदिग्धपणे सांगितले. होडीवर जाणारा, शेत कसणारा व घर सांभाळणारी यांचे दैनंदिन जीवन हेच त्यांच्या वाढीचे क्षेत्र होय, असा त्याचा अर्थ.

घरातील देवघरापुढे संध्याकाळी कुटुंबाने एकत्र म्हणावयाची जपमाळ (कोकणीत ‘तेर्स’) हे किनाऱ्यावरील कॅथलिक साधनेचे मुख्य अंग होय. तिच्यात येशूच्या व मरियेच्या जीवनातील प्रसंगांचे क्रमाने स्मरण केले जाते. पुरुष कामानिमित्त दूर असल्याने अनेक घरांत ही उपासना आई किंवा आजी चालविते व मुलांचा धर्माशी पहिला परिचय तिच्या आवाजातूनच होतो. अंगणातील किंवा रस्त्याकडेच्या क्रुसापाशी (‘कुरीस’) शेजारपाजारचे लोक जमून लदीन म्हणतात. ३ डिसेंबरच्या झेव्हिअरच्या सणापूर्वी नऊ दिवस जुन्या गोव्यात होणाऱ्या नोव्हेनाला सिंधुदुर्गातील भाविकही जातात.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ हा वार्षिक आत्मपरीक्षणाचा काळ मानला जातो. त्या काळातील विहित दिवशी मांस वर्ज्य असते; मासळीला मनाई नसते. मासळी हेच जेथे नित्याचे अन्न, तेथे हा नियम पाळणे फारसे कठीण नाही. त्यामुळे उपवासाचा खरा आशय ताटाबाहेर शोधावा लागतो : दारू सोडणे, कर्जाची अडवणूक न करणे, वाटणी वा बांध यांवरून अबोला धरलेल्या भावाच्या घरी पायरी चढून जाणे. पापनिवेदनाचा संस्कारही याच हेतूने आहे. क्षमा मागितल्यावर शक्य तेथे नुकसानभरपाई करावी, अशी त्यात अपेक्षा असते. केवळ शब्दोच्चाराने तो सफल होत नाही.

मराठी ख्रिस्ती साक्षी : जन्मपरंपरेच्या प्रश्नाची दुसरी बाजू एकोणिसाव्या शतकात देशावर व कोकणात स्वेच्छेने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तींच्या चरित्रांतून दिसते. ⇨ पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तो विचारपूर्वक घेतलेला होता. तथापि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना पुढे जाणवले व त्यानंतर सु. आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपल्याला अंतरीचा प्रकाश लाभल्याचे त्यांनी आपल्या निवेदनात सांगितले. केडगाव येथील मुक्तिसदनात परित्यक्ता, विधवा व दुष्काळपीडित मुली यांच्यासाठी त्यांनी केलेले कार्य या अनुभवाचे फळ मानले जाते.

⇨ नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मले. बायबलच्या वाचनातून, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाच्या प्रभावाने, त्यांचे मतपरिवर्तन झाले व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा आंतरिक प्रवास तेथे थांबला नाही. तुकारामांच्या अभंगवाणीने आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, ही त्यांची श्रद्धा होती व अभंग आणि कीर्तन ही साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना स्थान होते. समाजबदलापेक्षा मनाचा पालट महत्त्वाचा मानण्याच्या त्यांच्या विचाराची ही परिणती होय.

⇨ लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे परिवर्तन या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक आहे. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या व परत आल्यावरही सोवळे पाळीत वेगळा स्वयंपाक करीत. जातिभेद देवाने निर्मिला की माणसांनी, याचा विचार करता करता तो मनुष्यनिर्मित आहे, असा त्यांचा निश्चय झाला व त्यांनी सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. येथे आधी वृत्ती पालटली, मग आचार पालटला आणि शेवटी विधी झाला. स्मृतिचित्रे या त्यांच्या आत्मचरित्रात हा क्रम कोणताही आव न आणता, विनोदाने सांगितला आहे. टिळकांच्या मृत्यूने अपुऱ्या राहिलेल्या ख्रिस्तायनाचे ६४ अध्याय त्यांनी लिहिले.

परिवर्तनाची कसोटी : भावनेचा उमाळा, स्वप्ने, दृष्टांत किंवा उपासनेतील आवेश यांना ख्रिस्ती परंपरेत अंतःपरिवर्तनाचा निर्णायक पुरावा मानले जात नाही. झाडाची ओळख फळावरून होते, हा शुभवर्तमानातील निकष सर्व पंथांनी मान्य केला आहे. म्हणूनच मार्गदर्शक साधकाच्या शेजाऱ्याशी, नोकराशी व शत्रूशी असलेल्या वर्तनाची चौकशी आधी करतात. या निकषाने पाहता गोव्यातील धर्मांतरानंतर टिकून राहिलेला जातिभेद आणि बाप्तिस्म्यापूर्वीच लक्ष्मीबाईंनी टाकलेले सोवळे ही दोन परस्परविरोधी उदाहरणे ठरतात. पहिल्यात विधी झाला व पालट अपुरा राहिला. दुसऱ्यात पालट झाला व विधीने त्यावर शिक्कामोर्तब केले. जन्मपरंपरेने ख्रिस्ती असलेल्या किनाऱ्यावरील समाजाला परंपरेचे मोल आहेच. तेर्स, लदीन व सणवार यांनी शतकानुशतके श्रद्धा जिवंत ठेवली. मात्र ही परंपरा बियाण्यासारखी आहे. जपून ठेवलेले बियाणे दरवर्षी पेरावे लागते. त्याचप्रमाणे वारशाने मिळालेली श्रद्धा प्रत्येक व्यक्तीने आपल्या आचरणात रुजवावी लागते. या रुजण्यालाच ख्रिस्ती विचारात आध्यात्मिक वाढ अशी संज्ञा आहे.